झंझाची पिशवी

म्हसा गावच्या जत्रेत लोहाराच्या पालापुढे संदेश रातांबे उकिडवा बसला, तो उठेचना. रेश्माला, त्याच्या बायकोला, वाटलं उन्हानं भोवळ आली. नुकतीच घेतलेली घोंगडी तिनं काखेत मारली आणि ती त्याला खांद्याला धरून उठवायला गेली, तर तो म्हणाला, "हलवू नको." तो आवाज तिला त्याचा वाटला नाही.

समोर भट्टी होती. भट्टीत कोयत्याचं पातं तापत होतं. पण भट्टीला वारा घालत होता तो भाता नव्हता. आडव्या ठेवलेल्या हंड्याएवढं काहीतरी होतं, खाली पाटाच्या पायांसारख्या दोन पट्ट्या, अंगावर काजळीचा जाड थर, त्या थरावर शेंदराचा ठिपका, गळ्यात वाळलेल्या झेंडूची माळ. मागच्या गोल तोंडाला सायकलच्या ट्यूबनं आवळून एक लोखंडी पाइप बांधला होता आणि तो पाइप थेट निखाऱ्यांत गेला होता. ते यंत्र एका सुरात ओरडत होतं. काजळी जिथं खरवडली होती तिथं आतून वांगी रंग दिसत होता.

त्या रंगाचा एक चौकोनी तुकडा, जुन्या दिवाळी अंकातल्या जाहिरातीतून कापलेला, दहा-बारा वर्षं संदेशच्या पाकिटात होता. ते झंझा होतं. मुरबाडच्या कारखान्यातलं झंझा व्हॅक्यूम क्लीनर, जे आज जगात कुठंही शिल्लक नाही असं त्यानं स्वतःच्या पुस्तिकेत छापून टाकलं होतं, ते घरापासून तासाभराच्या वाटेवर कोयते तापवत होतं. दुसऱ्याची धूळ पोटात घ्यायला जन्मलेलं यंत्र, आणि इथं ते आयुष्यभर नुसता श्वास सोडत बसलं होतं.

संदेश शहापूरजवळच्या सापगावचा. महामार्गावरच्या एका रिसॉर्टात इलेक्ट्रिशियन. तिथं गालिचे अंथरलेल्या खोल्या, त्यामुळं झाडायला व्हॅक्यूम क्लीनर. बिघडले की ते त्याच्याकडे येत आणि हाताबाहेर गेले की भंगारात जात. त्यातला एक त्यानं घरी आणला, नुसता उघडून बघायला. मग दुसरा. पुढं इगतपुरीपासून कल्याणपर्यंतचे भंगारवाले त्याला फोन करू लागले. घरामागच्या शेळ्यांच्या गोठ्याला त्यानं नवे पत्रे घातले, खाली फरशी बसवली, भिंतींना फळ्या ठोकल्या आणि त्या फळ्यांवर ती जुनी धुडं ओळीनं बसली. एक हिरवं, एक दुधाळ, एक तांब्याच्या बंबासारखं.

यंत्रापेक्षा त्याला ओढ लागली ती यंत्रावरच्या नावाच्या पट्टीची. ते नाव कुणाचं, कुठल्या गावचं, का बुडालं. रिसॉर्टातून आला की तो मोबाइल घेऊन बसायचा. परदेशातही असे वेडे होते. त्यांचा एक ग्रुप होता, त्यात हा मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकायचा. कुठली कंपनी लढाईत गेली, कुठली दुसरीनं गिळली, कुठल्या मालकानं शेवटच्या दिवशी कामगारांना जेवण घालून दाराला कुलूप लावलं, हे सगळं त्याला तोंडपाठ. गावात म्हणायचे, संदेश मेलेल्या कंपन्यांचं सुतक धरतो.

हसणं त्यानं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. लागलं होतं ते एकच, नामाकाकाचं बोलणं. नामाकाका त्याच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर घरातला तोच वडीलधारा. बुद्धविहाराच्या कामात पुढं असणारा, कडक इस्त्रीचा माणूस. एकदा तो गोठ्यात आला, फळ्यांवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाला,

"आपल्या लोकांच्या हातातला झाडू सुटायला किती पिढ्या गेल्या, ठाव हाय ना रे तुला? आणि तू त्याला मोटर लावून परत घरात आणलास."

पुढं कित्येक महिने गोठ्यात पाऊल टाकताना ते वाक्य उंबऱ्यावर आडवं पडलेलं असायचं.

मग ती जाहिरात सापडली. वांगी रंगाचं यंत्र, शेजारी हसणारी बाई, आणि खाली पत्ता: मुरबाड, जिल्हा ठाणे. संदेशची आई धोंडाबाई तरुणपणी मुरबाडला 'कंपनीत' जायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा ते तिच्या माहेरी, मुरबाडच्या वेशीवर राहत. कुठली कंपनी, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. कंपनी म्हणजे कंपनी. त्यानं जाहिरात तिच्यापुढं धरली तेव्हा ती वाल सोलत होती. तिनं बघितलं आणि म्हणाली, हो, हीच.

त्या दिवशी संदेश सायकल शिकलेल्या पोरासारखा गावभर फिरला. नामाकाकाला त्यानं सांगितलं, काका, झाडू नाय. आपल्या बायांनी यंत्र बनवलंय. भारतात बोटांवर मोजण्याएवढ्या कंपन्या हे बनवत होत्या, तेव्हा आपल्या मुरबाडात आपली माणसं बनवत होती. पुढच्याच महिन्यात विहाराच्या बैठकीत काका हेच पाहुण्यांना सांगताना संदेशनं ऐकलं.

तेव्हापासून शोध. कारखान्याच्या शेडमध्ये आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम होतं. मॅनेजर वारलेला, मालकाचा पत्ता नाही. मुरबाडच्या एका भंगारवाल्याकडे झंझाची मोटर मिळाली, टोकावड्याला एका घरात नळी मिळाली, ती ते पाण्याच्या पिंपाला लावत होते. हात मिळाला, पाय मिळाला, धड मिळेना. आईला त्यानं एकदा समोर बसवून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मॅनेजर कोण होता, दिवसाला किती मशीन निघायची, साचे कुठं होते. ती म्हणाली, "मी शिवणात होते रे." त्यानं लिहून घेतलं: शिवण विभाग, महिला. आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याला हवं ते तो विचारत होता, विचारलेलं ती सांगत होती.

शेवटी धडाची आशा सोडून त्यानं आहे त्यातच गोठ्याचं संग्रहालय करायचं ठरवलं. उद्घाटन प्रजासत्ताकदिनी, झेंडावंदनानंतर. हायस्कूलचे मुख्याध्यापक पाहुणे. गोठ्यावर पाटी रंगवून झाली: 'झंझा: मुरबाडच्या हातांनी घडवलेलं यंत्र'. त्याच नावाची पुस्तिका छापून आली. परदेशातल्या ग्रुपनं आपल्या नकाशावर मुरबाडला एक टिंब दिलं. ज्यांना मुंबईच्या पलीकडे काही माहीत नव्हतं, त्यांच्या नकाशावर मुरबाड.

आणि उद्घाटनाच्या थोडे दिवस आधी, घोंगडी घ्यायला म्हशाच्या जत्रेत गेला असताना, हे.

लोहाराचं नाव राघो. त्यानं कौतुकानं सांगितलं की हे त्याच्या सासऱ्यानं आणलेलं, कुठून ते ठाऊक नाही. भाता ओढायला माणूस लागतो, ह्याला बटण पुरतं. दसऱ्याला ह्याची पूजा पहिली, ऐरणीची नंतर. संदेशनं त्याला सांगितलं, तुला नवाकोरा ब्लोअर देतो, दुप्पट वारा घालणारा, हे मला दे. राघोनं डोळे बारीक करून विचारलं की ह्याच्यात सोनंबिनं हाय का काय. मग रेश्माकडे बघून तो हसला, सौद्याला तयार झाला आणि बटण बंद केलं.

यंत्र थांबलं तेव्हा जत्रेचा सगळा गलका एकदम कानांत शिरला. थंड व्हायला वेळ लागला. संदेशनं रुमाल ओला करून यंत्राचं कपाळ पुसायला घेतलं, जिथं पट्टी असते तिथं. पट्टी होती. एका रिव्हेटवर लोंबत होती, पण होती. 'झंझा', आणि खाली बारीक अक्षरात मुरबाड. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पट्टी अलगद बोटानं बाजूला सरकवली, मागचं पुसायला.

मागं अक्षरं होती.

रंगाऱ्याची लांबी भरून, वर रंग मारून बुजवलेली. भट्टीच्या धगीनं ती लांबी वर्षानुवर्षं भाजून गळून गेली होती आणि म्हाताऱ्याच्या हातावर शिरा उठाव्यात तशी ती अक्षरं पत्र्यातून उठून आली होती. परदेशी लिपी. हेल्डॉर्फ.

रेश्मानं विचारलं काय झालं. त्यानं पट्टी परत जागेवर सरकवली, झाकल्यासारखी.

परतीच्या वाटेवर यंत्र पोत्यात बांधून रेश्माच्या मांडीवर, आणि स्कूटर सरळगावच्या फाट्यावर चुकीच्या रस्त्याला लागली तेव्हा तिनंच ओरडून सांगितलं. घरी आल्यावर पायांत काही नाही हे त्याच्या लक्षात आलं. चपला राघोच्या पालापुढं राहिल्या होत्या.

हात धुण्याआधी तो गोठ्यात गेला. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताची तिसरी फळी. तिच्यावर एक हिरवं यंत्र बसलेलं होतं. इगतपुरीच्या भंगारातून आणलेलं, नीट पुसलेलं, पुढं चिठ्ठी लावलेली: हेल्डॉर्फ. दर रविवारी तो त्यावर फडकं फिरवायचा. त्याची गोष्टही त्याला पाठ होती, कुठल्या नदीकाठी कारखाना, कोण मालक, कधी बंद. त्यानं हिरव्याच्या मागची गोल झाकणी फिरवून काढली. वांगी यंत्राच्या तोंडाला लावली. फिरवली.

खट् आवाज होऊन ती बसली.

त्यानं काढून परत लावली. परत बसली. खालच्या पट्ट्या त्याच. स्क्रूंची भोकं तीच. इतकी वर्षं तो ज्याला शोधत होता ते त्याच्याच गोठ्यात हिरव्या कातडीत बसून त्याच्याकडे बघत होतं. तो फरशीवर बसला. मग त्याला एकेक गोष्ट उलगडत गेली, आणि ती त्याला उलगडायला नको होती. मागास भागात कारखाना काढला की सवलती मिळायच्या. तिकडून सुटी यंत्रं यायची, इथं नाव बुजवायचं, रंग द्यायचा, पट्टी ठोकायची. साचे कुठं होते, असं त्यानं आईला विचारलं होतं. साचे नव्हतेच.

मुरबाडनं काही घडवलंच नव्हतं. मुरबाडनं नाव पुसलं होतं.

दोन दिवस तो माणसांत नव्हता. रिसॉर्टात त्यानं एका खोलीचा फ्यूज काढला आणि दुसऱ्याच खोलीत बसवायला गेला. जेवताना भाताचा घास हातातच राहायचा. ग्रुपवर कुणीतरी उद्घाटनाच्या शुभेच्छा टाकल्या होत्या, त्या त्यानं उघडल्या नाहीत. छापलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा कोपऱ्यात होता. त्याच्याकडे पाठ करून तो बसायचा, आणि पाठीला ते कळत असायचं.

रेश्मानं नामाकाकाला बोलावलं. काकानं यंत्र पाहिलं, पट्टी सरकवून अक्षरं पाहिली. मग त्यानं पट्टी परत ओढून बरोबर मध्यावर आणली.

"दोन खिळे मार. कोणाला कळतंय?"

संदेशनं मान वर करून पाहिलं. ज्या माणसानं त्याला कधी एका शब्दाची सूट दिली नव्हती, तोच हे म्हणत होता. काका म्हणाला, "मी दहा जणांना सांगितलंय रे." आणि त्याच्याकडे न बघता निघून गेला.

संदेशनं ड्रिल आणलं, दोन रिव्हेट आणले. पट्टी बोटानं दाबून धरली. मारायला दोन मिनिटं लागली असती. त्या दोन मिनिटांत नकाशावरचं टिंब राहणार होतं, काकाची इस्त्री राहणार होती. ड्रिल त्याच्या हातात तसंच राहिलं. कारण नावावर पट्टी ठोकायचं जे काम त्या कारखान्यात व्हायचं, तेच आता तो करणार होता. त्या कंपनीचा तो शेवटचा कामगार होणार होता.

तेवढ्यात धोंडाबाई आली. दोन दिवस मुलगा का जेवत नाही म्हणून बघायला. गोठ्यात ती सहसा यायची नाही, फरशी तिला गुडघ्यांना बाधायची. तिनं वांगी यंत्र पाहिलं आणि दारात थबकली. मग पदर खोचून खाली बसली आणि पहिलं काय केलं, तर मागच्या गोल तोंडात हात घातला. धुळीची पिशवी अडकवायच्या आतल्या कडीवरून बोट फिरवलं, आंधळ्या माणसानं ओळखीच्या दाराची कडी चाचपावी तसं.

"पिशवी कुठाय ह्याची?"

संदेशनं सांगितलं, आये, पिशवी नाय कुठं. एकपण उरली नाय. आणि मग त्यानं एका दमात तिला सगळं सांगून टाकलं. अक्षरं दाखवली. हिरव्याची झाकणी फिरवून दाखवली. धोंडाबाई ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. त्यानं विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, ठाऊक म्हंजे काय, खोकी उघडायची तवा आमी बघायचो ना. वरचं नाव बुजवायला पलीकडच्या शेडात पोरं होती. पिशवी तेवढी तिकडून येत नव्हती. पिशवी आमची. कापड भिवंडीचं, बेतणं आमचं, शिवण आमची.

मग तू मला कधी बोलली नाय, असं तो म्हणाला असता. पण त्याला रेकॉर्डिंग आठवलं. मी शिवणात होते रे. आणि नंतर त्याचाच घाईचा आवाज, साचे कुठं होते.

धोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल," म्हणाली.

ती त्याला चुलीपाशी घेऊन गेली. गॅस होता घरात, पण भाकरी तिची चुलीवरच व्हायची. चुलीवरच्या आडव्या बांबूला, धुरात, बरंच काही लटकत असायचं: लसणाच्या जुड्या, मक्याची कणसं, भोपळ्याचं बी. त्यातच एक काळं, लांबट, फुगीर गाठोडं होतं. ते तिथं कधीपासून होतं हे त्याला सांगता आलं नसतं. भिंत कधीपासून आहे हे कोण सांगतं? त्या गाठोड्याखाली बसून तो रोज जेवला होता. ती पुस्तिका त्यानं इथंच, चुलीच्या उजेडाला बसून तपासली होती. 'झंझाची एकही मूळ पिशवी आज अस्तित्वात नाही' हे वाक्य तपासताना ती पिशवी त्याच्या डोक्यावर दीड हातावर लटकत होती.

तिनं तोंडाची दोरी सोडली, काठ बोटभर उलटा केला. बाहेरून कोळशासारखं काळं कापड आतून निळंकरडं होतं, कोरं म्हणावं असं. आणि त्या उलट्या काठावर छापील 'झं' होतं, बाकीची अक्षरं आत नाचणीत बुडालेली.

"कंपनी मोडली तवा शिलकी पिशव्या आमी बायांनी वाटून घेतल्या. उलट्या करून वापरतात सगळ्याजणी. मऊ बाजू भायेर, म्हंजे हाताला बरी. ह्यातून हवा जाते, किडा जात नाय. नाचणीचं बी कधी धरत नाय ह्यात कीड."

संदेशला पाटावर बसावंसं वाटलं, पण पाट कुठं आहे ते दिसेना. सगळ्याजणी. म्हणजे डोळखांबकडच्या पाड्यांवर, मुरबाडच्या वाड्यांत, चुलीचुलीवर. तो दारोदार हिंडला होता, लोकांना मशीन हाय का विचारत, त्यांच्या चुलीपुढं चहा प्यायला होता आणि वर बघितलं नव्हतं. इतिहास त्यानं पट्टीवर शोधला. तो धुरात टांगलेला होता.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. आये, दे ती. मुख्याध्यापक येणार हायत. ही एकच वस्तू, आये, एवढीच आपली.

धोंडाबाईनं दोरी परत आवळली.

"बी हाय त्यात. पेरणी झाली की ने."

तो म्हणाला की बी दुसऱ्या डब्यात काढू, नवा स्टीलचा आणतो. ती म्हणाली, डब्यात घाम धरतो. विषय संपला. रेश्मा तोंडाला पदर लावून वळली, तिला हसू आवरेना. त्या घरात दोन दिवसांत कुणी हसलं ते पहिल्यांदा.

प्रजासत्ताकदिनी झेंडावंदन झाल्यावर माणसं गोठ्यापुढं जमली. पाटीवर त्यानं आदल्या दिवशी पांढरा रंग फासला होता आणि नवं काही लिहायला त्याला सुचलं नव्हतं, त्यामुळं कोऱ्या पाटीखाली मुख्याध्यापकांनी फीत कापली. त्यांनी ग्रामीण भागातल्या उद्योगशीलतेवर बोलायची तयारी करून आणली होती. संदेशनं त्यांना आधी थांबवलं. माइक नको म्हणाला. वांगी यंत्र मध्ये स्टुलावर होतं. त्यानं पट्टीचा उरलेला रिव्हेट सगळ्यांसमोर उडवला आणि पट्टी यंत्राशेजारी ठेवली, मढ्यावरची चादर बाजूला करावी तशी.

"हे यंत्र आपल्याकडं बनलेलं नाय. पुस्तिकेत मी चूक लिहिलंय. आपल्याकडं फक्त नाव बदललं."

विहाराच्या कमिटीतले दोघं-तिघं एकमेकांकडे बघू लागले. मुख्याध्यापकांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि घड्याळ बघितलं. नामाकाका मागं भिंतीला टेकून उभा होता, छातीवर हात बांधून, बुटांच्या टोकांकडे बघत. संदेशला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. नकाशावरचं टिंब त्यानं स्वतःच पुसलं होतं. नावं पुसणाऱ्यांच्या मुलुखातलाच तो.

तेव्हा मागून हालचाल झाली. धोंडाबाईच्या कंपनीतल्या जुन्या ओळखीच्या तिघी-चौघी आल्या होत्या, मुरबाडकडून. लहानी नावाची एक वाकलेली बाई पुढं झाली आणि कुणाला न विचारता तिनं यंत्राच्या मागच्या तोंडात हात घातला. कडीवरून बोट फिरवलं. मग दुसरीनं. मग तिसरीनं. सगळ्यांचं बोट एकाच जागी थांबत होतं. मुख्याध्यापक बघत राहिले. लहानी वळून म्हणाली,

"आणि पिशवी कुठं गो, धोंडे?"

धोंडाबाई खुर्चीवर बसली होती. मुलानं आणलेली शाल तिनं मांडीवर घडी करून ठेवली होती, उगाच मळेल म्हणून.

"पिशवी कामात हाय," ती म्हणाली.

बाया हसल्या, तशा त्या बहुधा त्या शेडात हसत असतील, शिवणयंत्रांच्या आवाजाच्या वरताण. मुख्याध्यापकांनी विचारलं की कसली पिशवी, आणि संदेशनं सांगायला सुरुवात केली. ह्या वेळी त्याला सांगता येत होतं. सांगत असताना त्याला दिसलं की नामाकाका भिंत सोडून दोन पावलं पुढं आला आहे. शेवटपर्यंत तो गेला नाही.

परदेशातल्या ग्रुपवर त्यानं खरं काय ते लिहिलं. कुणी तिरकस बोललं, कुणी म्हणालं अशी नाव बदललेली यंत्रं जगभर आहेत. एका म्हाताऱ्या संग्राहकानं एवढंच विचारलं की पिशवीचा फोटो मिळेल का. संदेशनं उत्तर दिलं, जूनमध्ये.

मधले महिने तो रविवारी पाड्यांवर हिंडला. आता तो मशीन हाय का विचारत नव्हता. चुलीपुढं बसायचा आणि वर बघायचा. काळी, फुगीर गाठोडी दिसायची. तो हात लावायचा नाही. घरच्या बाईला विचारायचा की तुमची कोण होती कंपनीत, आणि मग गप्प बसून ऐकायचा.

जूनमध्ये उतारावरच्या वरकस रानात नाचणी टाकून झाली त्या दिवशी दुपारी धोंडाबाईनं रिकामी पिशवी आपणहून आणून दिली. धुतलेली नव्हती. त्यानं ती सरळ केली. निळ्याकरड्या कापडावर 'झंझा' आणि खाली मुरबाड, जवळजवळ ताजं. त्यानं ती वांगी यंत्राच्या तोंडावर चढवली. कडी आपोआप सापडली. मोटर त्यानं आधीच साफ करून ठेवली होती. रेश्मानं बटण दाबलं.

पिशवी एकदा थरथरली आणि भरली. छातीसारखी भरली. सरळ केलेल्या कापडातून धुराचा आणि नाचणीच्या कोंड्याचा वास गोठाभर पसरला. कित्येक वर्षं भट्टीत नुसता श्वास सोडणारं ते यंत्र, आता त्याचा श्वास कुठंतरी धरला जात होता. संदेश हात खाली सोडून उभा राहिला. म्हशाच्या पालापुढं झाला होता तसाच दगड, पण आता त्याला हलवू नको म्हणावं लागलं नाही. कुणी हलत नव्हतं.

धोंडाबाई मात्र पुढं झाली. कपाळावरचे केस मागं सारले, डोळे मिटले आणि उजवा गाल पिशवीच्या शिवणीजवळ नेला, टेकवला नाही, केसभर अंतर ठेवून. तशीच ती गाल शिवणीवरून हळूहळू खाली नेत गेली, तळापर्यंत, आणि दुसऱ्या बाजूनं वर. शिवणीतून हवा निसटते का, हे त्या शेडात असंच बघत असत. हाताला न लागलेली हवा गालाला लागते.

वरच्या टोकाशी आल्यावर तिनं डोळे उघडले.

"नाय येत," ती म्हणाली. "बंद कर आता. लाइट जळते."